श्यामकांतच्या माठाचा आकडा

...नाही, मला सांगा, त्या श्यामकांतच्याच मातीत असं काय आहे? तुम्हाला सांगतो, मी काही जळत नाही, पण आमची ही बोरीवलीची बैठी चाळ, मागे आम्हा दोघा शेजाऱ्यांचे हात-दोन हात वाफे, माती एक, नळ एक, दोघांचाही लाल माठ, आणि त्या सरकारी प्रयोगशाळेतल्या क्षमाबाई आल्या त्या थेट त्याच्याच वाफ्यात! का, तर म्हणे ठिकठिकाणच्या मातीत न् भाजीत किरणोत्सार किती, ते मोजायचंय. रशियात ती अणुभट्टी फुटल्यापासून लोक घाबरलेत ना... बाई म्हणाल्या, "घाबरू नका, मातीत मुळातच थोडा असतो, केळ्यात असतो, तुमच्या-माझ्या अंगातसुद्धा असतो." मग माझ्या वाफ्यानं काय घोडं मारलं होतं?

महिन्याभराने आकडा आला, तर हा कागद घेऊन चाळभर फिरतोय. "बाईंनी सहीनिशी दिलाय हो..." मी जळत नाही, पण हा माणूस शाळेपासून माझ्यापुढे! गणितात पुढे, प्रमोशनात पुढे, आता किरणोत्सारातही?

बाईंच्या मागे लागलो, माझाही नमुना घ्या. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, आकडा वाढतो कशानं? "पोटॅशियमनं, काका. लाकडाच्या राखेत भरपूर असतं." बस्स! नाक्यावरच्या बेकरीतून दोन पोती राख आणली आणि ओतली वाफ्यात. आमची वनमाला म्हणते, "अहो, भाजी लावलीय की भांडी घासायला बसलाय?"

बाईंनी नमुना नेला, आणि आला की आकडा! श्यामकांतच्या वर! अर्धा किलो पेढे आणले, दारोदार गेलो, म्हटलं, त्याच्यापेक्षा माझ्यात किरणोत्सार जास्त! बाई जीव तोडून सांगतायत, "काका, हे मार्क नाहीत, आणि यात धोकाही नाही." ऐकतंय कोण? संध्याकाळपर्यंत पेढे परत. समोरच्या रत्नप्रभावहिनींनी तर पोरांना माझ्या परसात यायचीच बंदी केली. मी जळत नाही, पण तेव्हा श्यामकांत ओट्यावर बसून हसत होता हो...

माझा माठ त्या राखेनं करपला तो करपलाच. परवा जेवायला बसलो, तर पानात माठाची भाजी. म्हटलं, ही कुठली गं?

"श्यामकांतभावोजींकडची. का, नको?"

आता काय सांगू तुम्हाला... दोनदा मागून घेतली.