चॅनल दोनवरचे अकरा नियम

मी, क्रेनचालक, वय ५१ वर्षे, राहणार कारखान्यामागची कामगार वसाहत, खोली क्रमांक १४. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी या कारखान्यात बावीस वर्षे क्रेन चालवतो. खाली उभा राहून मला रेडिओवर इशारे देणारा सिग्नलमन माझा साडू आहे. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसते, पण रेडिओवर मोजकेच बोलतो.

भिंतीपलीकडे माल उतरवताना मला खालचे काही दिसत नाही. तो "खाली, खाली" म्हणत राहतो. आवाज तुटला की मी हात जागीच थांबवायचा, असे आमचे ठरलेले आहे. चॅनल दोन फक्त क्रेनसाठी आहे. तशी पाटी नव्या सुरक्षा अधिकाऱ्यांच्या दारावरही आहे.

काल सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी मी लोखंडी तुळई उतरवत होतो. मध्येच साडूचा आवाज तुटला आणि हे अधिकारी चॅनल दोनवर बोलू लागले. मी लगेच थांबलो. पण तेवढ्यात तुळईचे एक टोक साडूच्या पावलावर टेकले होते. हे मला तेव्हा माहीत नव्हते.

साहेब रेडिओ वापरण्याचे नियम वाचून दाखवत होते. पहिला नियम, बोलण्याआधी ऐका. चौथा, थोडक्यात बोला. तो त्यांनी दोनदा समजावला. एकाने बटण दाबून धरले की बाकीच्यांचे बोलणे पोहोचत नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. मी बटण दाबून पाहिले, तीनदा भोंगा दिला. त्यावर साहेब म्हणाले, "भोंगा कोण वाजवतंय? शिस्त पाळा!" आणि सातवा नियम सुरू केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हवालदार म्हणाले, म्हण कशाला लिहायची? ती लिहावी, असा माझा आग्रह आहे.

११ वाजून १४ मिनिटांनी अकरावा नियम संपला. त्यानंतर मला "वर घे" असे ऐकू आले. मी तुळई उचलली. साडूच्या पायाची तीन बोटे कापावी लागली.

कारखान्याच्या अहवालात लिहिले आहे की, सिग्नलमनने रेडिओवर सूचना दिलीच नाही, सबब चूक त्याची. हा शेरा राहिला तर त्याची नोकरी जाईल. अहवालातले ते म्हणणे साफ खोटे आहे. असे लिहिणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

आज सकाळी दवाखान्यात मी त्याला विचारले, "अरे, तू बोललास का?" तो म्हणाला, "बोललो ना साडूभाऊ, पाच-सहा वेळा. 'वर घे, ओव्हर' म्हणायचो आणि दर वेळी बटण सोडायचो. सोडल्याशिवाय तुमचं उत्तर कसं येणार?"

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. वाचताना ते प्रत्येक परिच्छेदाला थांबले आणि मला काही म्हणायचे आहे का, ते विचारले.