सगळ्यांत बारकं पुढं

बसा. मागं उभे आहेत त्यांनीही बसून घ्या, सतरंजीवर जागा आहे.

जमलेल्या पालकांनो, शिक्षकहो, लातूरहून आलेले गयामावशींचे चिरंजीव माधवराव, आणि ओळीतल्या लेकरांनो. मला भाषण येत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, तुमची मुलगी मावशींच्या ओळीत होती, दोन शब्द बोला. दोन शब्दांत होणार नाही. आणि जे बोलेन ते शोकसभेला शोभेल असंही वाटत नाही. माधवराव, तुमची आधीच माफी मागतो.

आत्ता मला फाटकातून आत यायला दहा मिनिटं लागली. कशामुळं? तुमच्या गाड्यांमुळं. आज. गयामावशींच्या शोकसभेला. मला किळस आली.

मावशींनी या शाळेत उभा जन्म घंटा दिली, पाणी भरलं. निवृत्त झाल्या आणि घरी बसायचं सोडून दारोदार सांगत फिरल्या. "लेकरं गाडीवर फाटकापर्यंत आणू नका. पाण्याच्या टाकीपाशी सोडा, तिथून मी चालवत नेते." टाकी ते शाळा दहा मिनिटांची वाट. चिंच, पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, की आलीच शाळा. नियम एकच. सगळ्यांत बारकं पुढं. त्याच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं. ज्याला घाई, तो शेवटी.

मी म्हणालो, "मावशी, ऊन लई असतं हो."

त्या म्हणाल्या, "दादा, ऊन तुमच्याच लेकराला लागतं व्हय? आन् मोठेपणी काय सावली सोबत देणार हाव तिला?"

मी हदगावकडच्या खेड्यातला. चौथीनंतर ओढा ओलांडून पलीकडच्या गावी चालत शाळेला जायचो. पाढे त्या वाटेवर पाठ झाले. भांडणं तिथं झाली, मिटलीही तिथंच. चालण्यानं काय मिळतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी काय केलं? वैष्णवीला वीस दिवस टाकीपाशी सोडलं आणि मग बंद केलं. पुन्हा स्कूटर थेट फाटकात. का? वेळ वाचतो. त्या वाचलेल्या वेळात मी काय केलं? ऑफिससमोरच्या टपरीवर चहा प्यालो. रोज.

ओळीच्या शेजारून आमची स्कूटर गेली की मावशी ओरडायच्या, "वैष्णवे, पाय घरी ठेवून आली का गं? आन् बापाला इचार, एवढं कुठं पळून राहिले म्हणावं!" पोरं खदाखदा हसायची. मी पण हसायचो. हसून पुढं जायचो.

आपण देवळाला जातो. चप्पल बाहेर काढतो, गाडी लांब लावतो, पायरीला हात लावून आत जातो. देवाच्या गाभाऱ्यात कुणी गाडी घातलेली मी पाहिली नाही. मग लेकरांच्या दारातच आपल्याला काय होतं? तिथं देव नाही का?

आता मंगळवारचं सांगतो.

शाळा भरायची वेळ. फाटकासमोर नेहमीसारखं सगळं अडकलेलं. माझ्या पुढं एक ऑटो. तो हलेना. मी हॉर्न दाबला. एकदा नाही. दाबूनच धरला. ओरडलो, "अरे चल ना भाऊ, घंटा झाली!"

ऑटोवाल्यानं तोंड बाहेर काढलं. "साहेब, पेशंट हाय आत. उडून जाऊ का?"

तरी मागचे हॉर्न थांबले नाहीत. मग वैष्णवी माझ्या पाठीमागून म्हणाली, "पप्पा, ते पाय मावशींचे आहेत."

ऑटोच्या बाहेर दोन पाय आले होते. रुंद, भेगा पडलेले. वैष्णवी स्कूटरवरून उतरली आणि जाऊन त्या पायांवर हात ठेवून उभी राहिली. मी बसून होतो. माझा अंगठा अजून हॉर्नवर होता.

तेवढ्यात टाकीकडून ओळ आली. मावशी आल्या नाहीत म्हणून लेकरांनी वाट पाहिली, आणि मग आपली आपणच निघाली. पुढं पहिलीतली आरोही. तिच्यामागं बाकीची अकरा. गाड्यांच्या फटीतून, आरोहीच्या चालीनं, ती सगळी ऑटोच्या बाजूनं शाळेत गेली. आत कोण आहे त्यांना माहीत नव्हतं. त्या रस्त्यावर तेवढीच हलत होती. मावशींनी त्यांना पाहिलं का? मला माहीत नाही. रोज देवापुढं बसतो तेव्हा तेवढंच विचारतो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी मावशी वाचल्या असत्या, असं सांगता आलं नसतं. हे वाक्य आज या मंडपात मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. गोधडीसारखं अंगावर ओढून घेतलंय आपण ते. माझ्या अंगावर ते पुरत नाही.

पालकांच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली, फुलं पडली, हात जोडले गेले. त्याच्याच खाली पुढचा मेसेज, 'गेटसमोरची पांढरी गाडी कुणाची आहे, काढा.' आणि अंत्ययात्रेला? मावशी खांद्यांवर होत्या, आणि आपल्या गाड्या त्यांच्या आधी स्मशानात पोचल्या. मेलेल्या माणसाच्याही पुढं जायचं होतं आपल्याला. थू आहे आपल्यावर. माझ्यावर आधी.

माधवराव, तुमच्या आईच्या ऑटोमागं हॉर्न वाजवणारा मी होतो. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावं, म्हणून उभा राहिलो.

उद्यापासून सकाळी टाकीपाशी मी उभा असेन. चालणं मावशींसारखं जमणार नाही, बोलणं तर नाहीच. कुणी लेकरू आणलं तर त्याचा हात धरेन. कुणी नाही आणलं तर वैष्णवी आणि मी, दोघं चालू.

दोन मिनिटं उभं राहून शांत राहायला मी सांगणार नाही. ते आपल्याला सोपं जातं. आज इथून टाकीपर्यंत चालू या. चारचाकी इथंच राहू द्या. दुचाकी चालू करू नका, हातानं ढकलत आणा. हॉर्न नको, बोलणं नको, फोन नको. कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही. मावशींसाठी एवढी शांतता ठेवा.

चला, उठा.

आरोही, ये बाळा. पुढं हो. तुला जमेल तशी चाल. आम्ही सगळे मागं आहोत.