उंबरढवचा ओढा आणि संगप्पा सरांचं नवं घर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव, सन्माननीय साहेबराव अण्णा. व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर. आज सेवानिवृत्त होत असलेले, आम्हा साऱ्यांचे भूगोलाचे गुरुजी प्राध्यापक संगप्पा बिरादार सर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी उमाकाकू. मुखेडहून आणि आसपासच्या गावांतून मुद्दाम आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

मी रेणुका. सरांची विद्यार्थिनी आणि आता याच संस्थेच्या शाळेत भूगोल शिकवते. म्हणजे पगार अण्णांच्या सहीनं आणि अक्कल सरांच्या कृपेनं. दोघंही व्यासपीठावर आहेत, तेव्हा माझी जीभ किती जपून चालली असेल ते समजून घ्या.

सरांनी आम्हाला शेतीचा भूगोल वर्गात कमी आणि शिवारात जास्त शिकवला. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमची वरात उंबरढवला, म्हणजे माझ्याच गावाला निघायची. गावठाणाची पांढरी कुठं संपते, पिकाची काळी कुठं सुरू होते, माळावर गायरान का ठेवलं, हे सारं पायानं चालून बघायचं. सरांनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं, म्हणून एकदा मी गावातल्या ग्यानोबा मामांना विचारलं, “मामा, तुमच्या जमिनीचा मुख्य वापर काय?” मामा म्हणाले, “भावकीत भांडायला.” सर म्हणाले, लिहून घे, हाही भूमिवापरच आहे.

सरांचं एक वाक्य आमच्या पिढ्यांना पाठ आहे. जमीन कुणाची हे सातबारा सांगतो, पण तिथं काय करता येईल हे उतार सांगतो. मला ते लवकर कळलं, त्यात हुशारी काही नाही. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. ती तिथं आम्ही मागून घेतली होती का? गावानं ठेवली तिथं आम्ही राहिलो. म्हणून पाणी कुठून येतं आणि कुणाच्या दारातून जातं हे आमच्या लेकरांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आमच्या वस्तीच्या वर ओढ्याचं एक वळण होतं. तिथं करंजाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी. बायका तिथं हिरव्या बांगड्या ठेवायच्या. आता वळण नाही, करंज नाही. ओढा मुरूम टाकून बुजवला, सपाट केला आणि तिथं प्लॉट पडले. लेआउट कुणाचा, हे सभागृहाला माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही.

आसरा मात्र कुणी टाकून दिल्या नाहीत हो! हलगी लावून, वाजतगाजत त्यांची मिरवणूक काढली आणि लेआउटच्या कमानीशी संगमरवरी ओट्यावर त्यांना बसवलं. देवी हलल्या म्हणजे पाणीही हललं, असं सारं गाव धरून चाललं. त्या दिवशी नारळ फोडला तो आपल्या सरांनी. आणि पहिला प्लॉटही सरांनीच घेतला. का? तर निवृत्तीनंतर ज्या शिवारात पोरं फिरवली तिथंच राहायचं, ही त्यांची फार जुनी इच्छा. मला त्याचं आजही कौतुक आहे. पण “भूगोलाच्या सरांनी घेतलाय” म्हणून त्यांच्यामागून ज्यांनी घेतले, ती माणसं इथं समोरच्या रांगांमध्ये बसली आहेत.

मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा माझी आई, सरजाबाई, उंबऱ्यात उभी होती. आम्ही बौद्ध, आसरांना कधी हात जोडत नाही. आई म्हणाली, “देव म्या मानत न्हाई बाई. पन ती दगडं तिथंच का ठिवली व्हती, ते तर मानावं लागंल.”

मे महिन्यात मी सरांचं बांधून झालेलं घर बघायला गेले. काकूंनी गूळपोळी केली होती, दोन खाल्ल्या, खोटं कशाला बोलू! मे महिना आहे, शिवारातल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. आणि सरांच्या अंगणातला मुरूम ओलसर. स्वयंपाकघराच्या पायरीशी लव्हाळा उगवलेला. काकू म्हणाल्या, “अगं, दोनदा उपटला, पुन्हा येऊन राहिलाय.” हातातली तिसरी पोळी मी ताटात परत ठेवली. कोरड्या जमिनीत लव्हाळा उगवत नाही, हे मला कुणी शिकवलं असेल?

मी सरांना तिथंच बोलले. सर हसले. म्हणाले, “रेणुका, तिथं आता ओढा नाही.” डॉक्टरनं स्वतःच्या घरच्यांची नाडी बघू नये म्हणतात, ते खरं असावं. मी अण्णांकडेही गेले. अण्णा म्हणाले, “मॅडम, निरोपाला चार चांगले शब्द बोला.” बोलते आहे, अण्णा.

वरच्या माळाचं गायरान गेल्या काही वर्षांत मोडलं, तिथं सोयाबीन आलं. गवत पाणी धरून ठेवायचं. आता माळावर पडलेला पाऊस थांबतच नाही. तो पूर्वीपेक्षा वेगानं खाली येणार आणि त्याच्या वाटेवर उमाकाकूंनी देवघर मांडायचं ठरवलंय. मला भीती वाटते. शिक्षिका म्हणून नाही, पाण्याच्या वाटेवर वाढलेली बाई म्हणून वाटते. आमच्या वस्तीत पाणी आलं की आम्हाला पळायची सवय आहे. काकूंचे गुडघे दुखतात, सरांना अंधारात नीट दिसत नाही. आणि पाणी काही दिवसाउजेडी येईल असं कुणी लिहून दिलेलं नाही.

सर, तुमचं सामान भरलेला टेम्पो सभागृहाबाहेर उभा आहे. आज रात्री पहिला मुक्काम नव्या घरात, असं पत्रिकेत छापलंय. मी टेम्पोवाल्या भागवतला परस्पर सांगून टाकलंय की सामान तिथं उतरवायचं नाही. शाळेजवळ उंचावर माझ्या दोन खोल्या आहेत, त्या झाडूनपुसून ठेवल्यात. रागावायचं तर तिथं येऊन रागावा. काकू, तुम्ही मान हलवली ती मी होकार समजते.

संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, याचे मनापासून आभार. ते आता पस्तावत असतील, तर त्याबद्दलही आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर सर्वांनी पदरात घ्यावं. माझ्यानंतर अध्यक्षीय समारोप आहे. अण्णा, तुम्ही सरांबद्दल चांगलंच बोलाल, पण त्याआधी समोरच्या रांगांमधल्या माणसांना एवढंच सांगा: त्या ओढ्याला तुम्ही दुसरी वाट कुठून काढून दिली आहे?

जय भीम.