भोपळ्यावरची कोरी पट्टी

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी! आज आधी प्रश्न. दागिना चोरीला गेला तर माणूस बोंब मारतो. पण नाव चोरीला गेलं तर? चोर कोण — नेणारा एकटाच?

हसताय? हसा. थोड्या वेळानं बघू!

मिरजेला बाबालालचाचा आहेत. तंबोरे, वीणा करतात. बापजाद्यांचं काम. हल्ली ऑनलाइन लिलावात विकतात — फोटो टाकायचा, लोक बोली लावतात, ज्याची बोली वर त्याचा तंबोरा. नऊ वर्षांत एक तक्रार नाही! आणि चाचांची एक रीत. फोनवर वाजवून ऐकवल्याशिवाय तंबोरा द्यायचा नाही. गिऱ्हाईक कुठलंही असो!

एक दिवस फोन आला. "चाचा, काय नाव आहे हो तुमचं! जरा ऐकवा की." चाचा खुलले! तंबोरा मांडीवर, बोटं तारांवर, मोबाईल समोर. पलीकडचा म्हणतो, "वाहवा! हा आवाज साइटवर चढवतो. तुम्हाला सहा आकडे आलेत बघा, तेवढे वाचा."

चाचांनी वाचले. तंबोरा छेडत वाचले हो!

अहो, ती त्यांच्या ऑनलाइन दुकानाची किल्ली होती! दुसऱ्या मिनिटाला खातं चोराच्या हातात, पासवर्ड बदललेला. चाचांना वाटलं, नेट गेलं. आपल्याकडं काहीही बिघडलं की नेटच गेलेलं असतं!

आठव्या दिवशी दारात एक बाई. निर्मलाबाई सोनटक्के. अंबाजोगाईला मुलींना गाणं शिकवतात. दोन गाड्या बदलून आलेल्या. काखेत तंबोऱ्याची नवी गवसणी — स्वतः शिवलेली, लाल काठ लावलेली! "पैसे भरून आठवडा झाला, चाचा. तंबोरा द्या."

"कुठला तंबोरा, बाई?"

बाईंनी मोबाईल पुढं केला. चाचांचं नाव, चाचांचं दुकान, चाचांच्याच तंबोऱ्याचा फोटो! चाचा उठून उभेच राहिले. "अल्लाची शपथ, बाई, हा मी विकलेला नाही!"

"नाव तुमचं, पत्ता तुमचा, आणि विकणारे तुम्ही नव्हे?" बाई रडायलाच लागल्या. "पोरींनी वर्गणी काढली होती हो!" गवसणी तिथंच टाकून गेल्या.

संध्याकाळी बाईंनी काढलेला दुकानाचा फोटो मोबाईलवर फिरला — 'हा ठग आहे, सावध राहा.' चोरानं अशा अकरा जणांना गंडवलं होतं, चाचांच्या नावानं! माणसं दुकानासमोर येऊन थुंकून गेली. अरे देवा!

पुढं पोलिसांनी तपास केला, चाचा निर्दोष ठरले. बाईंनी येऊन माफी मागितली. पण ते कुणी पुढं पाठवलं नाही.

परवा आपल्या देवळाची ही नवी वीणा आणायला मीच गेलो होतो. शंकरराव, गळ्यातली वीणा करा वर! भोपळ्यावर कारागिराच्या नावाची पट्टी असते ना? बघा — कोरी! मी म्हटलं, "चाचा, नाव राहिलं." चाचा मान वर न करता म्हणाले, "महाराज, नाव घातलं तर तुमच्या गावात ही वीणा कुणी गळ्यात घेणार नाही."

मला माझीच लाज वाटली! का सांगू? तो फोटो मीही पाठवला होता. न विचारता, न बघता! आणि मला कुणी पाठवला? तो इथंच बसलाय. मान खाली घालू नका! चोरानं चाचांचं नाव एकदा नेलं, आणि ते धुळीला मिळवलं आपण, घरबसल्या!

काढा मोबाईल. काढा, काढा! ज्याला ज्याला तो फोटो पाठवलात, त्याला इथं बसून आत्ता खरं काय ते कळवा. मीही कळवतो. तोवर टाळाला कुणी हात लावायचा नाही.