दहावा माणूस

झेलिग: सकाळी सात वाजता, वहिनी. दहा माणसांदेखत. पोरगं उभं राहिलं आणि बापाचं कद्दिश पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणालं.

स्लावा: मी चुलीपाशी होते. ऐकू आलं मला.

झेलिग: मग थांबवायचं नाही?

स्लावा: मेलेल्या माणसासाठी प्रार्थना चाललेली, ती मधेच थांबवतात? प्रार्थनाघराचे सेवेकरी तुम्ही. तुम्हीच सांगा.

झेलिग: तसं नाही म्हणत मी. फायविश होता ना उभा. थोरला. कागदावर तुमच्या नोखेमला तो एकच मुलगा. एकानं म्हटलं की झालं. पण दोघं उभे राहिले, वहिनी. शेजारीशेजारी. आणि हा धाकटा कागदावर कोणाचा? लिपमन मेणबत्तीवाल्याचा. एकुलता एक.

स्लावा: मला कशाला सांगताय? अकरा वर्षं मीच सांभाळलंय ते. एकुलत्याला पलटणीत नेत नाहीत म्हणून पोटचं पोर दुसऱ्याच्या नावावर टाकलं. घरात 'बाबा', दाराबाहेर 'नोखेमकाका'. तीन वर्षांचा असल्यापासून पाठ करून घेतलं.

गेत्सेल: एकदाच चुकलो होतो. बाजारात. तेव्हा बाबांनी मारलं होतं.

स्लावा: तू आत बस.

गेत्सेल: आत फायविश रडतोय. आणि तुम्ही माझ्याबद्दलच बोलताय.

झेलिग: बाळा, का उभा राहिलास रे?

गेत्सेल: सगळ्या आळीसमोर मी त्यांना काका म्हणायचो. पुरायला नेलं तेव्हासुद्धा लिपमनकाकांचा हात धरून मागे चाललो. मग वाटलं, हे तरी त्यांचा मुलगा म्हणून म्हणावं. घरातच तर होतो. सगळे आपलेच होते.

झेलिग: सगळे आपले नव्हते.

स्लावा: कोण नव्हतं? झेलिगभाऊ, खाली काय बघताय? कोण होतं?

झेलिग: नऊ जमले होते. पाऊण तास थांबलो. नऊ जणांत कद्दिश होत नाही, दहा ज्यू पुरुष लागतात. सुतकाचा तिसरा दिवस, नोखेमसारखा माणूस, आणि त्याच्या घरी एका माणसासाठी प्रार्थना अडायची? मी बाहेर गेलो. रस्त्यानं एक जण चालला होता. म्हटलं, चला, दहावे व्हा. चाळीस वर्षं हेच करतोय, वहिनी. दहावा दिसला की बाही धरायची. चेहरा बघायची सवयच राहिली नाही.

स्लावा: कोण होता?

झेलिग: झोरेख.

स्लावा: झोरेख कारकून? भरतीची यादी करणारा?

झेलिग: दाराशी आल्यावर ओळखलं. तोवर तो टोपी नीट करून आत शिरला होता.

स्लावा: अहो, लांडग्याला हाताला धरून घरात आणलंत तुम्ही.

झेलिग: हो.

स्लावा: काही बोलला तो?

झेलिग: काही नाही. बोलला असता तर बरं होतं. सगळ्यात मोठ्यानं आमेन मात्र त्याचंच होतं.

गेत्सेल: झेलिगकाका, दहावा तसला असला तरी चालतं का?

झेलिग: म्हणजे?

गेत्सेल: म्हणजे मी म्हटलेलं बाबांना पोचलं का?

झेलिग: पोचलं. माणूस कसाही असला तरी दहात धरतात.

गेत्सेल: मग ठीक आहे.

स्लावा: ठीक आहे म्हणे! दिवेलागणीच्या आत पोरं धरणारे येतील. पंचांना पलटणीसाठी चार पोरं द्यायची आहेत, तीनच मिळालीत. तुला गाडीत घालतील, महिनाभर चालवतील, डुकराचं मांस भरवतील, नाव बदलतील. आधी छावणीत वाढवायचं, मग पंचवीस वर्षं पलटण. परत येशील तेव्हा मी नसेन, आणि असले तरी मला काय हाक मारायची हे तुला आठवायचं नाही.

झेलिग: म्हणूनच आलोय मी. लिपमनची चरबीची पिंपं आज दुपारी घाटाकडे निघायची आहेत. गाडी मी हाकतो. उद्या दुपारी नदी. घाटावरचा नावाडी माझ्या ओळखीचा आहे. पलीकडे दुसऱ्या बादशहाचं राज्य, तिथे झोरेखची यादी चालत नाही.

स्लावा: सुतकात घराबाहेर?

झेलिग: धरणाऱ्यांनाही तेच वाटतंय. सात दिवस पोरगं घर सोडणार नाही, कधीही गेलं तरी सापडेल. म्हणून तर सकाळीच आले नाहीत.

स्लावा: गेत्सेल, कोट काढ.

गेत्सेल: थंडी आहे.

स्लावा: काढ म्हणते ना. आणि ती सुई दे इकडे. खिडकीतली.

झेलिग: वहिनी, शिवताय? सुतकात? आणि आईबापासाठी फाडलेलं वस्त्र तर–

स्लावा: कधीच पहिल्यासारखं शिवायचं नसतं. माहीत आहे.

झेलिग: जिवासाठी चालतं, एवढंच म्हणणार होतो.

स्लावा: मी विचारलं नव्हतं. डावीकडे छातीवर फाटलेला कोट म्हणजे आई गेली, नाहीतर बाप. नाक्यावरचं शेंबडं पोरही ओळखेल. आणि याचा कागदावरचा बाप पलीकडच्या आळीत धडधाकट बसून मेणबत्त्या ओततोय. दुसरा कोट कुठून आणू?

गेत्सेल: आई, बाबांसाठी फाडलाय तो.

स्लावा: मीच फाडलाय. मीच शिवते.

गेत्सेल: एवढे जवळजवळ टाके कशाला?

स्लावा: गप्प उभा राहा. नाक्यावर विचारलं, बाप कोण, तर?

गेत्सेल: लिपमन.

स्लावा: मोठ्यानं.

गेत्सेल: लिपमन मेणबत्तीवाला.

स्लावा: आणि रडायचं नाही. बाप जिवंत असलेलं पोर चरबीच्या गाडीवर बसून रडत नाही.

झेलिग: वास असा येतो की रडलं तरी खपेल.

गेत्सेल: पलीकडे कद्दिश कुठे म्हणायचं? अकरा महिने रोज म्हणायचं असतं.

झेलिग: दहा माणसं भेटतील तिथे. प्रार्थनाघर असतंच कुठेतरी.

गेत्सेल: दहावा कोण आहे ते आधी बघून घेईन.

झेलिग: बघ बाळा. माझ्यासारखं करू नकोस.

स्लावा: घे. घाल. बटणं वरपर्यंत लाव. ही भाकरी, हा कांदा. जा आता, मागे बघत बसू नकोस. फायविशला मी सांगते.

(शुक्रवार, सकाळ. तेच घर.)

स्लावा: मंगळवारी तीनला आले. तिघं. पलंगाखाली काठी घालून पाहिलं. आरशावर सुतकाचं फडकं होतं, ते उचलून पाहिलं. आरशामागे पोर मावतं का हो? फायविशला विचारलं तर तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतच राहिला. एकानं थोबाडीत मारली, तरी पुटपुटत राहिला.

झेलिग: आणि लिपमन?

स्लावा: चौकीत बसवून ठेवलाय. आज सोडतील म्हणतात. बायको डबा घेऊन गेली, तिला परत पाठवली.

झेलिग: मग चौथं पोरगं राहिलं म्हणायचं.

स्लावा: कुठलं राहतंय. बुधवारी सकाळी चार झाले.

झेलिग: कोणाचं?

स्लावा: शेजारणीचा, त्रायनाचा खास्केल. नऊ वर्षांचा. तोही एकुलताच, आणि खरोखरचा. पण कागद नीट नव्हते म्हणे.

झेलिग: यादीला पोरगं लागतं, वहिनी. कोणाचं, ते लागत नाही.

स्लावा: रविवारी पुरून आलो, तेव्हा सुतकाचं पहिलं जेवण तिनंच आणलं होतं. उकडलेली अंडी. मला घास घ्यायला लावला, पाठीवरून हात फिरवला. काल दारावरून गेली. आत पाहिलं नाही तिनं. आता माझ्या पोराचं सांगा. हे ऐकूनही तेच विचारते म्हणून काय म्हणायचं ते म्हणा मला.

झेलिग: मी काय म्हणणार? दोन्ही नाके पार झाले. दुसऱ्या नाक्यावर शिपायानं विचारलं, बाप कोण. लिपमन म्हणाला, खणखणीत. बुधवारी चारच्या सुमाराला नावेत बसवलं. नदीत मधे एक बेट आहे. आपला नावाडी तिथवर नेतो, पुढे पलीकडचा येऊन घेऊन जातो.

स्लावा: आला होता?

झेलिग: धुकं पडलं. काठावरून बेटच दिसेना. मी नावाडी परतेपर्यंत थांबलो. तो म्हणाला, पोराला उतरवलं, पलीकडून वल्ह्यांचा आवाज येत होता. नाव काही पाहिली नाही त्यानं.

स्लावा: वल्ह्यांचा आवाज तर गस्तीच्या नावेचाही येतो.

झेलिग: येतो.

स्लावा: आणखी काय म्हणाला?

झेलिग: काही नाही.

स्लावा: झेलिगभाऊ.

झेलिग: नाव सुटल्यापासून पोरगं मान खाली घालून कोटाचा काठ चावत बसलं होतं. नावाड्याला वाटलं, भूक लागली असेल. भाकरी पुढे केली तर घेतली नाही.

स्लावा: दुहेरी दोरा घातला होता मी.

झेलिग: बेटावर उतरला, वहिनी, तेव्हा कोट डावीकडे छातीवर फाटलेला होता.