बशीखालची गोळी

अपघात विभागात प्लास्टरची वाट बघत बसलेल्या मास्तरांना पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. चक्कर येऊन पडलेल्या आजींना डॉक्टरीणबाई विचारत होत्या.

“आजी, पडलात तेव्हा काय करत होतात?”

“खुर्चीवरून उठले, एवढंच.”

“सकाळपासून धड जेवलेली नाही ती,” आजोबा मध्येच म्हणाले.

“आजोबा, त्यांना बोलू द्या. आजी, उभं केलं की तुमचं बीपी फार उतरतंय. गोळ्या कसल्या घेता?”

“बीपीच्या.”

“तुम्हाला बीपी आहे?”

“मला कुठलं? यांना आहे. हे घेतली म्हणतात आणि गोळी बशीखाली सारतात. मग मीच घेते. चांगली गोळी टाकून कशी द्यायची?”



“सिस्टर, आजींच्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडा. आजोबा, बाही वर करा.”