उकडलेले नाकतोडे

पाल पाळणाऱ्याले साळा असू नये, या मताचा मी झालो आहे. पोरगी शिकायले नागपूरला गेली अन् तिची लेपर्ड गेको, म्हणजे बिबट्यावाणी ठिपक्यांची पाल, माझ्या गळ्यात पडली. शेपटी चांगली बोटावाणी जाड होती, म्हणजे तब्येत ठणठणीत. मग मूल गावाहून माझा साळा आला, तो डबाभर नाकतोडे घेऊनच.

“दुकानातले किडे काऊन चारता, भाऊजी? हे आपल्या धानाच्या बांधीतले आहेत.”

पाहुण्याचा मान म्हणून चारले. महिन्याभरात शेपटी सुतळीवाणी झाली, वरून हगवण. चंद्रपूरच्या डॉक्टरनं तिची शी तपासली. “पोटात जंत आहेत. रानातले किडे बंद करा, पेटी साफ ठेवा आणि पालीला हात लावला की साबणाने धुवा.”

औषधानं पाल सावरली. साळ्याले फोनवर सारं सांगितलं. त्याले लई वाईट वाटलं.

पुढच्या खेपेले पुन्हा डबा.

“या टायमाले उकडून आणले, भाऊजी. एकबी जंत जित्ता नाई राहात.”

“अरे, पाल फक्त हलणारं खाते.”

“मंग मी हलवतो ना.”

तो चिमटीत नाकतोडा धरून पालीपुढं नाचवत बसला. पालीनं मान तिरपी करून बराच वेळ पाहिलं. मग नाकतोडा सोडून तिनं त्याचं बोट तोंडात धरलं.

साळा ओरडला नाई. बोट तसंच ठेवून मले म्हणाला, “हात साबणानं धुतले होते मी, भाऊजी.”